मदत हवी आहे: तंजावर एका दिवसात, मराठी शिलालेख नेमका कुठे?

सदाफुली
तंजावरला एकच दिवस आहे. बृहदीश्वराच्या देवळाच्या आवारातला मराठी शिलालेख, सरस्वती महाल हे जुन्या पोथ्यांचं ग्रंथालय आणि राजवाडा एवढंच बघायचंय. शिलालेख कुठल्या भिंतीवर आहे हे एकही व्हिडिओवाला दाखवत नाही, सगळे नंदी आणि शिखर दाखवून मोकळे. आधी देऊळ की आधी वाडा? जरा लवकर सांगा, तिकिटं आज काढायची आहेत.

घाटमाथा
कुठून येताय, कोणत्या वारी, किती वाजता पोचताय? त्याशिवाय क्रम कसा सांगणार?

सदाफुली
पुण्याहून चेन्नई, तिथून रात्रीची गाडी, पहाटे तंजावर. वाराने काय फरक पडतो?

मोडीवाचक
वारानेच पडतो. सरस्वती महाल बुधवारी बंद असतो.

सदाफुली
बुधवारच आहे. आता?

घाटमाथा
बुधवार कुंभकोणमला द्या. अंतर ४० किमी, अलीकडेच दारासुरमचं ऐरावतेश्वराचं देऊळ आहे. तंजावर गुरुवारी करा. मुळात तंजावरला आलेल्याने चोळ राजांची तिन्ही मोठी देवळं बघायलाच हवीत. गंगैकोंडचोळपुरमही त्यात घ्या.

मोडीवाचक
त्यांनी चोळ विचारलेलेच नाहीत, घाटमाथा. गंगैकोंडचोळपुरम तंजावरहून ७० किमीच्या आसपास, एक दिवस त्यातच जाईल.

सदाफुली, शिलालेखाचं सांगतो. पूर्वेकडची दोन्ही गोपुरं ओलांडून आत गेलात की नंदी लागतो. तिथून प्रदक्षिणेच्या दिशेने, म्हणजे डावीकडून, दक्षिणेच्या बाजूने मागे चाला. नैऋत्य कोपऱ्यात गणपतीचं देऊळ आहे. त्या अंगाला आवाराच्या भिंतीवर मजकूर कोरलाय. मुख्य देवळाच्या जोत्यावर शोधू नका, तिथले लेख देऊळ बांधणाऱ्या राजराजा चोळाच्या काळचे तमिळ आहेत. लोक तेच बघून परत फिरतात.

अक्षरं उथळ आहेत, समोरून बघितलं तर दगडात मिसळून जातात. मोबाईलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरा, कडेने सावली पडली की अक्षर उठतं. खडू, पावडर, पाणी काही लावू नका. लेख तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ साली कोरवला, विषय भोसले घराण्याचा इतिहास. शिवकाळाच्या सव्वाशे वर्षांनंतरचा आहे, तेव्हा त्यातलं प्रत्येक वाक्य पुरावा म्हणून धरू नका. पण एवढा मोठा मराठी मजकूर चोळांच्या देवळात उभा आहे, तो सावकाश वाचायलाच हवा.

तिखटमीठ
तंजावरची नाचणारी बाहुली नक्की घ्या. डोकं, धड, घागरा सुटे होतात, एकेक तुकडा वेगळा गुंडाळा. जोडूनच बॅगेत घातली तर आतली तार वाकते आणि मग मान डोलत नाही. शिवाय सांबार संभाजीराजांच्या नावावरून, तंजावरातच जन्मलं.

मोडीवाचक
सांबाराची गोष्ट ऐकीव आहे, समकालीन कागद कुणी दाखवलेला नाही.

घाटमाथा
आणि देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही हेही कुणी सांगेल. पडते. सकाळी पश्चिमेला, संध्याकाळी पूर्वेला, स्वच्छ दिसते.

कावेरीकाठ
सदाफुली, सोबत कोण आहे?

सदाफुली
आई. गुडघे दुखतात. लिहायचं राहिलं.

कावेरीकाठ
मग क्रम ठरलाच. सकाळी उजाडताच देऊळ. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि आवारातली फरसबंदी अकराच्या पुढे भाजते. सुती मोजे बरोबर ठेवा. गाभारा दुपारी चारपर्यंत बंद असतो, म्हणून दुपार वाड्याला. दरबार हॉल, ब्राँझच्या मूर्तींचं कलादालन आणि सरस्वती महाल यांची तिकिटं वेगवेगळी, सुटे पैसे ठेवा. आईंना वाड्यातल्या मनोऱ्याचे जिने चढवू नका, कलादालनातला नटराज त्याहून मोलाचा.

सदाफुली
सरस्वती महालात मोडी बाडं बघायला मिळतील ना? थोडी मोडी वाचता येते.

मोडीवाचक
पर्यटकाला फक्त संग्रहालयाचं दालन. काचेआड निवडक पोथ्या, ताडपत्रं, चित्रं. मूळ कागद हवे असतील तर आधी लेखी अर्ज करा, विषय आणि कालखंड लिहून. 'मराठ्यांचे कागद' असं मोघम लिहिलंत तर कुणी काय काढून देणार?

सदाफुली
ठीक, गुरुवार केला. पण चेन्नई–तंजावर गाडीला वेटिंग आहे.

कावेरीकाठ
तिरुचिरापल्लीपर्यंतचं काढा, तिकडे गाड्या खूप जास्त. पुढे बसने साधारण दीड तास, बसगाड्या सारख्या सुटतात. ही बस तंजावरच्या नव्या स्थानकावर सोडते, ते गावाबाहेर आहे. तिथून जुन्या स्थानकाची शहर बस घ्या. देऊळ आणि वाडा दोन्ही जुन्या स्थानकापासून जवळ, आईंना चालवत नसेल तर रिक्षा करा आणि भाडं बसायच्या आधी ठरवा.