बॅक्टेरियाच्या मोटरला डिझायनर लागतोच का? दहावीतल्या मुलाला काय सांगू

मनीषनगर_आई
नमस्कार. मुलगा दहावीला आहे, सीबीएसई. क्लासच्या ग्रुपवर कोणीतरी एक हिंदी डब केलेला व्हिडिओ टाकला तेव्हापासून घरात हाच विषय चालू आहे. त्यात बॅक्टेरियाची शेपटी, म्हणजे फ्लॅजेलम दाखवलंय, अगदी मोटरसारखं, रोटर आहे, शाफ्ट आहे, सगळं आहे, आणि म्हणणं असं की यातला एक पार्ट जरी काढला तरी ते बंद पडतं, मग हळूहळू तयार होईलच कसं, म्हणजे कोणीतरी बुद्धीने ते एकदम बनवलं आणि डार्विन चूक. याला इंटेलिजंट डिझाइन म्हणतात म्हणे. पोरगा मला विचारून राहिला की आई हे सायन्स आहे ना.

त्याच्या पुस्तकात बघावं म्हटलं तर उत्क्रांतीचा भागच नाही, २०२३ पासून एनसीईआरटीने दहावीतून काढून टाकला, आता धड्याचं नाव नुसतं आनुवंशिकता. शेजारच्या स्टेट बोर्डवाल्या मुलीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती.

आमच्या घरी रोज पूजा असते, नागपूरच्या टेकडीच्या गणपतीला जातो, त्यामुळे देव नाही असं मला त्याला सांगायचं नाही. पण श्रद्धा वेगळी आणि सायन्सच्या नावाने काहीही गळी उतरवणं वेगळं. कोणी नीट समजावून सांगाल का, मी कॉमर्सची आहे.

सूक्ष्मदर्शी
ताई, मी मायक्रोबायोलॉजी शिकवतो, म्हणून फ्लॅजेलमपुरतं आधी बोलतो. हा युक्तिवाद मायकल बेही या अमेरिकन बायोकेमिस्टचा, १९९६ च्या त्यांच्या पुस्तकातला. त्यात गृहीत असं धरलंय की अर्धवट मोटर म्हणजे निरुपयोगी वस्तू. तिथेच तो तुटतो. प्लेगचा जंतू घ्या, त्याच्याकडे सुईसारखं एक यंत्र असतं ज्यातून तो आपल्या पेशीत विष सोडतो, आणि त्या सुईतली बरीच प्रथिनं फ्लॅजेलमच्या बुडाशी असलेल्या प्रथिनांची सख्खी नातेवाईक आहेत. म्हणजे फिरणारी शेपटी नसतानाही तेवढा भाग स्वतःचं वेगळं काम व्यवस्थित करतो. आता इथे उलटा गैरसमज नको, सुई आधी आली आणि तिच्यातून मोटर झाली असं नाही, बहुतेक अभ्यास सांगतात की फ्लॅजेलम जुनं आहे. मुद्दा इतकाच की "एक पार्ट काढला की सगळं शून्य" हे खरं नाही, काम बदलतं. शिवाय सगळ्या बॅक्टेरियाचं फ्लॅजेलम एकसारखं नसतं, एकाला जे प्रथिन लागतंच ते दुसऱ्याकडे नसतं पण त्याची शेपटी चालते.

आणि हा वाद कोर्टात जाऊन आलाय. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात डोव्हर नावाचं गाव आहे, तिथल्या शाळा मंडळाने नववीच्या मुलांना डार्विनला पर्याय म्हणून इंटेलिजंट डिझाइनची माहिती द्यायची असं ठरवलं, पालक कोर्टात गेले, आणि २० डिसेंबर २००५ ला न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला की हे विज्ञान नाही. बेही स्वतः साक्षीला होते. उलटतपासणीत त्यांना मान्य करावं लागलं की विज्ञानाच्या सिद्धांताची त्यांची व्याख्या घेतली तर फलज्योतिषही तिच्यात बसतं. पालकांच्या बाजूने मुख्य साक्ष देणारे केनेथ मिलर हे श्रद्धाळू कॅथलिक आहेत, हे मुलाला नक्की सांगा. तुमचा देव आणि हा वाद यांचा संबंध लावायची गरज नाही.

महालकर
मी दुसऱ्या बाजूचा आहे, शांतपणे लिहितो. कोर्टाने सांगितलं म्हणून विज्ञान ठरत नाही. बारीकसारीक बदल होतात हे मी मानतो, पण त्यातून नवीन अवयव, नवीन प्राणी तयार होतो हे कोणी पाहिलंय? डीएनए म्हणजे लिहिलेली माहिती आहे आणि लिहिलेलं आहे तर लिहिणारा असणारच. शिवाय आपल्याकडे मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह हा क्रम हजारो वर्षांपूर्वी सांगितलाय, मग डार्विनच काहून पाहिजे?

सावनेरचा_शेतकरी
महालकर दादा, मी शिकवणारा नाही, पऱ्हाटीवाला आहो. पण "कोणी पाहिलंय" म्हणता ना, आमच्या विदर्भाने पाहिलंय आणि त्याची किंमत मोजलीय. २००२ मध्ये बीटी कापूस आला, झाडातच विष, बोंडअळीने झाड खाल्लं की ती मरते. सुरुवातीची वर्षं खरंच फवारणी कमी झाली. त्या विषाला अळीच्या आतड्यात जाऊन चिकटावं लागते, तिथल्या एका प्रथिनाला. लाखो अळ्यांत एखादीत ते प्रथिनच बिघडलेलं असते, ती जगते, बाकीच्या मरतात, मग पुढची पिढी कोणाची? जगलेल्यांची. २०१० पर्यंत गुजरातमध्ये गुलाबी अळी पहिल्या बीटीला पुरून उरली, मग दोन जीनवालं बियाणं होतं तेही काही वर्षांत गेलं, २०१७ ला आमच्याकडे बोंडं फोडली की आत गुलाबी अळी.

आता यात शिकण्यासारखं पाहा. पाकिटासोबत नॉन बीटीचं वेगळं छोटं पाकीट यायचं, रेफ्युजी म्हणतात त्याला, ते वावराच्या कडेने लावायचं, काहून तर तिथे साध्या अळ्या जगाव्या आणि त्यांचा जगलेल्या अळ्यांशी संकर होऊन ताकद पातळ व्हावी. इथे बहुतेकांनी लावलं नाही, वरून फरदड ठेवली, म्हणजे वेचणी झाल्यावरही तेच पीक वावरात उभं ठेवलं, अळीला वर्षभर बीटीच खायला. अमेरिकेत ॲरिझोनात रेफ्युजी नेटाने लावली, तिथे अळीत ही ताकद पसरली नाही, पुढे त्याच अळीचे वांझ पतंग सोडून २०१८ ला त्यांनी ती देशातून संपल्याचं जाहीर केलं. आणि आपलीच हिरवी बोंडअळी, ती तूर, हरभरा सगळंच खाते, तिला बाहेर बिनविषाचं जेवण होतं, तर तिच्यात हे एवढं पसरलं नाही. निवडीचा हिशोब जसा सांगतो तसंच झालं. अवतारांना माझा नमस्कार आहे दादा, पण त्यातून मला पुढच्या हंगामात काय पेरावं ते समजत नाही.

महालकर
अळी शेवटी अळीच राहिली ना. आणि तुम्हीच म्हणता प्रथिन बिघडलं. बिघडून काही नवीन बनत नसतं.

सूक्ष्मदर्शी
हा आक्षेप योग्य आहे, त्याला उत्तरही आहे. अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ पासून ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियाच्या बारा वसाहती वाढवत ठेवल्या. ऑक्सिजन असताना ई. कोलाय सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार, खाऊ शकत नाही, ही तिची ओळखच. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एका वसाहतीला ते जमू लागलं. सायट्रेट आत घेणाऱ्या जीनची एक जास्तीची प्रत तयार झाली आणि ती अशा जागी बसली की ऑक्सिजन असतानाही चालू झाली. काही बिघडलं नाही, नवीन क्षमता आली. गोठवून ठेवलेल्या जुन्या पिढ्या परत वाढवून आधी कोणते बदल लागले तेही त्यांनी तपासलं.

गोंडवाना_खडक
अळी अळीच राहिली हे पंधरा वर्षांपुरतं खरं आहे. मोठा बदल बघायला मोठा काळ लागतो आणि तो खडकात आहे, तेही आपल्या पायाखाली. कामठीच्या नावाने ओळखला जाणारा कामठी वालुकाश्म साधारण पंचवीस कोटी वर्षांचा, त्यात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची पानं सापडतात, तीच पानं ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकात. नागपुरातच टाकळीला लाव्हाच्या थरांच्या मधे तळ्याचा गाळ आहे, त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, मासे, बिया. हे जीवाश्म गोळा करणारा माणूस कोण होता, तर रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाने आपलं हिस्लॉप कॉलेज आहे. स्वतः मिशनरी, आणि सहकारी हंटर यांच्यासोबत नागपूरच्या भूगर्भावर त्यांनी १८५५ मध्ये निबंध छापला, डार्विनच्या पुस्तकाच्या चार वर्षं आधी. धर्म सोडून नाही, दगडात दिसलं ते लिहिलं.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे, तिथे डायनोसॉरच्या काळातली जीवाश्म झालेली विष्ठा मिळते. तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिका कण सापडले. त्याआधी पुस्तकांत होतं की डायनोसॉर होते तेव्हा गवत नव्हतं. शोध छापला गेला २००५ मध्ये, डोव्हरचा खटला चालू होता त्याच वर्षी, आणि गवताच्या उत्क्रांतीचा इतिहास बदलावा लागला. मी महालकरांना हेच विचारतो, मनापासून विचारतो. कामठीच्या इतक्या जुन्या खडकात उद्या गाईचं हाड निघालं तर उत्क्रांतीचं मोठं नुकसान होईल आणि आम्ही ते लपवू शकणार नाही. इंटेलिजंट डिझाइन चूक ठरेल असं तुमच्या मते नेमकं काय सापडायला पाहिजे? कारण सोंडेचा हत्ती निघाला तरी डिझायनरची इच्छा आणि बिनसोंडेचा निघाला तरी त्याचीच इच्छा असेल तर आम्ही शोधायचं काय.

दशावताराबद्दल एवढंच की तिथे मासा, कासव, वराह हे एकाच देवाचे अवतार आहेत, कासवापासून वराह जन्मला असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही. त्याला जीवशास्त्राचं पुस्तक केलं तर दोन्हीचं नुकसान आहे.

मनीषनगर_आई
सगळ्यांचे आभार, पोराने सगळं वाचलं. आता त्याचा प्रश्न असा की माणूस आणि माकड सारखे आहेत ते एकाच डिझायनरने बनवले म्हणूनही असू शकतात ना?

महालकर
मुलाचा प्रश्न बरोबर आहे. खडकवाल्या सरांच्या प्रश्नावर मी विचार करून लिहीन, घाईत उत्तर देत नाही.

सूक्ष्मदर्शी
त्याला सांगा की नुसतं सारखेपण पाहायचं नाही, सारखा बिघाड पाहायचा. बकरी स्वतःच्या यकृतात व्हिटॅमिन सी बनवते, तिला संत्रं लागत नाही. आपल्याला लागतं, कारण ते बनवण्याच्या शेवटच्या पायरीचा जीन आपल्यात मोडलेल्या अवस्थेत पडून आहे. चिंपांझी, गोरिला आणि माकडांतही तोच जीन मोडलेला आहे, आणि बरेचसे तुकडे त्याच ठिकाणी गेलेले आहेत. एका पूर्वजात मोडला आणि सगळ्या वंशजांकडे तसाच आला, तर हे असंच दिसायला हवं. गिनीपिगलाही व्हिटॅमिन सी बनवता येत नाही, त्याचाही हाच जीन गेलाय, पण तो आपला जवळचा नातेवाईक नाही, आणि त्याच्या जीनची मोडतोड आपल्यापेक्षा वेगळी आहे, म्हणजे तिथे तो वेगळा मोडला.