नंबर नका बघू, इंच बघा
कुणीतरी विचारलंय, 'जुन्या अमेरिकन पॅटर्नच्या (कापड बेतायच्या कागदी नमुन्याच्या) पाकिटावर १४ नंबर, माझाही १४च, मग फ्रॉक छातीत चार इंच कमी कसा?' अहो, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन पॅटर्नमध्ये १४ म्हणजे छाती ३२ इंच, आजच्या पॅटर्नमध्ये ३६! पाकिटावर छाती-कंबर इंचात दिलेली असते, तेवढीच वाचा. जुन्या पॅटर्नचा तो पातळ कागद घडीवर फाटतो. मी कोमट, कोरडी इस्त्री फिरवून खाकी कागदावर उतरवून घेते. आणि आधी मांजरपाटावर शिवून बघाच. मी पहिल्यांदा आळस केला, चांगलं सुती कापड थेट बेतलं. काखेत असं आवळलं की हात वर करताच टर्रकन उसवलं. सध्या त्याचे उशांचे अभ्रे झालेत, दोन.