आवड आहे, सोय हवी

ग्रामीण विदर्भातील माणसाला पर्यटनाची आवडच नाही, हे मत मला पटत नाही. महाशिवरात्रीला वैनगंगेकाठी मार्कंड्याच्या जत्रेत जमणारी गर्दी पाहिली, तर लोक घराबाहेर पडतात हे दिसते. मात्र तेथील मंदिरांच्या भिंतींवरील शिल्पे समजावून सांगणारे कोणी सहसा भेटत नाही. लोणारचेही तसेच : उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झालेले आणि २०२० मध्ये रामसर या जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेले हे खारे सरोवर आपल्याला फार तर शाळेच्या सहलीपुरते आठवते. ताडोब्याच्या सफारीचा खर्च शेतकरी कुटुंबाला झेपत नाही, हा भाग वेगळा. कापूस वेचणीच्या दिवसांत सवड कुठली! ती मिळते उन्हाळ्यात, म्हणून त्या दोन महिन्यांत तालुक्याच्या गावांहून चिखलदऱ्याला थेट एसटी सुटावी.