पन्हाळा ते पारगड: बारा वर्षे तुकड्यातुकड्यांनी चाललेली वाट पूर्ण झाली असे केव्हा म्हणावे?

रंकाळाकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी कोल्हापुरात राहतो. २०१३ च्या जुलैत मी पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंती प्रथमच केली. १६६० च्या जुलैतील त्या रात्रीची आठवण म्हणून मसाई पठार, खोतवाडी, करपेवाडी, पांढरपाणी या मार्गाने दरवर्षी किती लोक चालतात, हे येथील सर्वांना ठाऊक आहे. बाकीची मंडळी खिंडीतून परतली, पण आम्ही तिघे मित्र विशाळगडापर्यंत चालत गेलो. तेथे धुके काही क्षण विरळ झाले आणि दक्षिणेकडे एकामागे एक सरकत गेलेले कडे दिसले. हाच घाटमाथा धरून चंदगड तालुक्यातील पारगडापर्यंत पायी जायचे, असे आम्ही त्याच दिवशी ठरवले.

सलग रजा तिघांपैकी कोणालाही मिळण्यासारखी नव्हती. त्यामुळे कधी दिवाळीनंतरचे दोन दिवस, कधी प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेला रविवार, अशा सवडीने आम्ही अणुस्कुरा, भुईबावडा घाटाचा माथा, गगनबावडा, रांगणा, आंबोली, चौकुळ, तिलारी असे पुढे सरकत राहिलो आणि यंदाच्या जानेवारीत पारगडावर पोहोचलो. कडवी, कासारी, कुंभी, भोगावती, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी ही नावे शाळेत पाठ केली होती, परंतु त्या याच क्रमाने घाटमाथ्यावरून पूर्वेकडे उतरतात हे चालल्यामुळे समजले.

आता मनात सलणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे दाजीपूरच्या आसपासचा घाटमाथा राधानगरी अभयारण्यात मोडतो. तेथे आम्ही चाललो नाही, गगनबावड्याहून कोल्हापूरला परतलो आणि पुढच्या हंगामात थेट पाटगावकडून सुरुवात केली. दुसरी गोष्ट लहान आहे. रांगण्याच्या अलीकडे एका धनगरवाड्यापाशी मित्राचा पाय मुरगळला आणि आम्ही जीपने परतलो. पुढच्या वर्षी भटवाडीतून चालू लागलो, तेव्हा मधले सुमारे सहा किलोमीटर पायाखालून गेलेच नाहीत. मित्र म्हणतात की एवढ्यासाठी कोणी अडवणार नाही. मला मात्र कोणी विचारले तर ‘पूर्ण केले’ हा शब्द उच्चारताना अडखळायला होते. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

शाहूवाडीकर

आपले अभिनंदन आणि सरळ उत्तर: ते सहा किलोमीटर चालून या.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे. विशाळगड ते अणुस्कुरा या टप्प्यात आम्ही एकदा अंधार पडल्याने एका खिंडीच्या अलीकडे वाट सोडून गावात उतरलो आणि दोन वर्षांनी खिंडीच्या पलीकडून सुरुवात केली. मधली जेमतेम चार किलोमीटरची चाल होती, पण नकाशा उघडला की नजर तेथेच जाई. शेवटी त्या चार किलोमीटरसाठी मी एकटा मुक्कामी एसटीने गेलो, देवळात झोपलो आणि सकाळी ज्या धनगराच्या घरी पाणी मागितले त्यालाच वाट दाखवण्याची विनंती केली. जुनी वाट मोडली होती, कारवी डोक्याच्या वर गेली होती आणि ढोरवाटा इतक्या फुटल्या होत्या की त्याच्याशिवाय मला ती खिंड सापडली नसती. खिंडीत जांभ्याची एक मोठी शिळा आहे. तिच्या खळग्यात रात्रीच्या दवाचे पाणी साचले होते आणि त्याच्या काठावर गव्याच्या खुराचा ओला ठसा होता. आधीच्या दोन्ही खेपांना आम्ही त्या शिळेच्या दोन बाजूंना, हाकेच्या अंतरावर येऊन थांबलो होतो.

तेव्हापासून एक पद्धत ठेवली आहे. जेथे चाल थांबवायची तेथे विहीर, देऊळ, पूल किंवा घाटरस्त्याचा दगड असे काहीतरी न हलणारे असले पाहिजे. झाड किंवा कुंपण ही खूण धरू नये, ती दोन पावसाळ्यांत नाहीशी होते. तेथे उभे राहून आलेल्या वाटेचे एक आणि पुढच्या वाटेचे एक अशी दोन छायाचित्रे घ्यावीत आणि वहीत दोन ओळी लिहून ठेवाव्यात. मोबाइलमधील नोंद उपयोगी असते, पण बारा वर्षांत मोबाइल चार वेळा बदलतो.

जांभा

वरील प्रतिसादातील कळकळ समजते, तरी एक वेगळा मुद्दा मांडतो. आपल्या घाटमाथ्याला लांबीच्या दिशेने जाणारी एकच वाट कधी नव्हतीच. जुन्या घाटवाटा देशावरून कोकणात उतरतात, म्हणजे त्या कण्याला आडव्या छेदतात. मीठ, तांदूळ, गूळ यांची ने-आण त्याच दिशेने होत असे. माथ्यावरून उत्तर-दक्षिण सलग चालत जाण्याची गरज कोणालाच नव्हती. आपण जे चाललात ते धनगरांच्या पायवाटा, ढोरवाटा, सडे आणि गाडीरस्ते यांना स्वतः टाके घालून जोडलेले आहे. म्हणून ‘पूर्ण’ याची व्याख्या चालणाऱ्यालाच करावी लागते, आणि ती चालण्याआधी केली तर मनाला टोचणी राहत नाही. आपल्या मनातील व्याख्या ‘पन्हाळ्यापासून पारगडापर्यंत प्रत्येक पाऊल पायी’ अशी दिसते. तसे असेल तर सहा किलोमीटर राहिले आहेत, हे शाहूवाडीकरांचे म्हणणे बरोबर आहे.

अभयारण्याचा प्रश्न मात्र निराळा आहे आणि तेथे मी आग्रहाने सांगेन की गुपचूप चालण्याचा विचारही करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिरण्यासाठी परवानगी लागते. दाजीपूरला पर्यटकांना ठरावीक मार्गावर सोडतात आणि पावसाळ्यात अभयारण्य बंद असते. हे १९५८ साली गव्यांसाठी राखलेले रान आहे. दाट कारवीत पायी चालताना गवा दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही, आणि दचकलेला गवा पळून जाईलच असे नाही. उद्या कोणी उत्तरेकडे जायचे ठरवले तर चांदोली राष्ट्रीय उद्यानाबाबतही हेच लागू आहे.

वनखात्याकडे रीतसर अर्ज करून पाहावा. परवानगी न मिळाल्यास पूर्वेकडून, राधानगरी, काळम्मावाडी, गारगोटी अशा रस्त्यांनी पाटगावपर्यंत पायी जावे. तीन-चार दिवसांची चाल होईल. डांबरी रस्ता पायांना त्रास देतो, पण साखळी तुटत नाही.

मूळचाकागलचा

मी सध्या अमेरिकेत व्हर्जिनियात राहतो आणि येथील अपालेशियन ट्रेल गेली सात वर्षे सुट्ट्यांमध्ये तुकड्यांनी चालत आहे. जॉर्जियातील स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधील कटाडिनपर्यंत चौदा राज्यांतून जाणारी ही सुमारे ३,५०० किलोमीटरची वाट आहे. झाडांवर आणि खडकांवर दोन इंच रुंद व सहा इंच उंच पांढरे पट्टे रंगवलेले असल्याने ‘वाट कोणती’ हा जांभा यांनी मांडलेला प्रश्न येथे उद्भवत नाही. आपल्याकडे तसे पट्टे नाहीत, हे चालणाऱ्याचे काम अवघड करते आणि माझ्या मते अधिक मोलाचेही करते.

आपल्याला उपयोगी पडेल असे येथील दोन नियम सांगतो. वाटेची देखभाल पाहणारी संस्था संपूर्ण वाट चाललेल्यांची नोंद ठेवते. ती नोंद करताना टप्प्यांचा क्रम, दिशा, वेग किंवा लागलेली वर्षे यांचा विचार केला जात नाही. एका हंगामात चाललेला आणि तीस वर्षांत चाललेला, दोघांची नोंद एकाच नावाने होते. दुसरे असे की पूर, वणवा किंवा वादळ यांमुळे वाट बंद झाली आणि अधिकाऱ्यांनी रस्त्याने वळसा घालायला लावला, तर तो वळसा मूळ वाटेच्या जागी धरला जातो. आपण नेमके कोठे चाललात हे कोणी तपासत नाही, चालणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला जातो. त्यामुळे दाजीपूरचा वळसा आपण पायी पूर्ण केलात, तर तो कमी प्रतीचा मानण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र बंद वाटेऐवजी वळसा चालणे वेगळे आणि जीपमध्ये बसणे वेगळे.

रेवातीर

एवढ्या दूरचे उदाहरण कशाला, नर्मदा परिक्रमेत खंड परिक्रमा ही जुनी सोय आहे. ज्यांना तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस घर सोडता येत नाही ते सवडीने टप्पे करतात, आणि जेथे थांबले तेथूनच पुन्हा उचलतात. मी स्वतः पाच खेपांत केली. सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली काठावरची जुनी वाट गेली आहे, म्हणून परिक्रमावासी दूरच्या गावांतून वळसा घेतात. मुखापाशी तर समुद्रातून नावेने पलीकडे जावे लागते. नदी ओलांडायची नाही हा नेम त्यामुळे मोडला, असे कोणी म्हणत नाही.

रंकाळाकाठ (प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल दोन्ही मित्रांना सर्व प्रतिसाद वाचून दाखवले. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी धनगरवाडा ते भटवाडी हे सहा किलोमीटर चालायचे नक्की केले आहे. ज्याचा पाय तेव्हा मुरगळला होता त्याचा गुडघाही आता दुखतो, तरीही तो येणार आहे, कारण सुटलेला तुकडा आपल्यामुळे सुटला असे त्याला इतकी वर्षे वाटत होते आणि त्याने ते आम्हाला काल प्रथमच सांगितले. त्याच्या चालीने चालू, दिवस मोकळाच ठेवला आहे.

दाजीपूरसाठी अर्ज या आठवड्यात देत आहे. नकार आला तर फेब्रुवारीत गगनबावड्यातून निघून जांभा यांनी सांगितलेल्या रस्त्याने पाटगावला जाऊ आणि वहीत ‘वळसा’ असेच लिहू. आमच्या त्या धनगरवाड्यापाशी सिमेंटची एक पाण्याची टाकी होती, तीच थांब्याची खूण धरायची आहे. पाटगाव भागात अलीकडे कोणी गेले असल्यास ती टाकी अजून आहे का आणि भटवाडीला मुक्कामी गाडी येते का, एवढे कृपया कळवावे.