मदत हवी आहे: ५०९० घ्यावं की ५०८० मध्ये भागेल? लवकर सांगा

छायाप्रकाश
मंडळी, तातडीचं आहे. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० ग्राफिक्स कार्ड घ्यायचं चाललंय. कंपनीने जाहीर केलेली किंमत ५०८० च्या दुप्पट, ९९९ डॉलरला ते आणि १९९९ ला हे, आणि बाजारात ५०९० त्याहूनही बरंच वर जातं. दुप्पट पैसे घालून दुप्पट काही मिळतं का एवढंच सांगा. सध्याचं कार्ड वैताग देतंय, बंद पडलेलं नाही पण काम अर्ध्यात सोडतं आणि मग सगळं पहिल्यापासून. रिव्ह्यू बघून झालेत, सगळे तेच ते गेमचे आलेख दाखवतात. दुकानदार उद्यापर्यंतच कार्ड राखून ठेवणार आहे, त्यामुळे "थांबा, पुढची पिढी येऊ दे" हे उत्तर नको. ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनी लिहा.

चौकस
सध्याचं कार्ड कुठलं? मॉनिटर १४४० पी की ४ के? प्रोसेसर? पीएसयू (वीजपुरवठा करणारा डबा) किती वॉटचा? आणि मुख्य म्हणजे करता काय त्यावर? हे सांगितल्याशिवाय कोणी काय सांगणार.

नीलकमल१२
मी पण याच विचारात होतो. ५०९० वाला लॅपटॉप बघा ना, कुठेही नेता येतो आणि २४ जीबी मेमरी मिळते.

चौकस
@नीलकमल१२ लॅपटॉपमधलं ५०९० म्हणजे डेस्कटॉपचं ५०९० नव्हे. त्यात चिप डेस्कटॉपच्या ५०८० वाली असते, कोअर (हिशोब करणारे छोटे भाग) १०,४९६. डेस्कटॉप ५०९० मध्ये २१,७६० आहेत. नाव एकच ठेवलंय म्हणून लोक फसतात. आणि धागाकर्त्याने लॅपटॉप विचारलेलाच नाही.

जुनाखेळाडू
माझं स्पष्ट मत, दोन्ही घेऊ नका. सेकंडहँड ३०९० घ्या. २४ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), ३५० वॉट, नव्या ५०८० पेक्षा ८ जीबी जास्त. मी तेच वापरतो आणि कधीही अडलं नाही. २०२० चं कार्ड आहे म्हणून नाक मुरडू नका.

धातूतार
३०९० सेकंडहँड घेताना एक गोष्ट बघाच. त्याच्या मेमरीच्या २४ चिप्सपैकी १२ बोर्डाच्या मागच्या बाजूला आहेत, तिथे पंख्याची हवा नीट पोचत नाही आणि त्या भयंकर तापतात. क्रिप्टो मायनिंगला वापरलेलं कार्ड असेल तर उष्णता वाहून नेणारे पॅड वाळून गेलेले असतात. मेमरीचं तापमान लोडवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुनाखेळाडू
पॅड बदलता येतात हो. एका दुपारचं काम आहे. त्यासाठी कोणी हजारो जास्त घालवतं का?

पिक्सेलपंत
गेमिंगसाठी असेल तर ५०८० सुद्धा जास्त होतंय, ५०७० टीआय घ्या. मेमरी तीच १६ जीबी, जाहीर किंमत ७४९ डॉलर आणि एनव्हिडियाच्या डीएलएसएस ४ या तंत्राचं मल्टी फ्रेम जनरेशन सगळ्या ५० मालिकेत आहेच. एका फ्रेममागे तीन फ्रेम कार्ड स्वतः बनवतं, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) कुठच्या कुठे जातो.

सरळमार्गी
त्या बनवलेल्या फ्रेम आहेत, गेमने काढलेल्या नाहीत. तुम्ही माऊस हलवला त्याचा परिणाम त्या मधल्या फ्रेममध्ये नसतो. मूळ एफपीएस ३० असेल तर स्क्रीनवर १२० दिसेल पण हाताला ३० सारखंच जड लागणार. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख हुआंग यांनी सीईएस प्रदर्शनाच्या स्टेजवरून ५०७० म्हणजे ४०९० सांगितलं ते याच हिशोबाने. ५०७० मध्ये १२ जीबी आणि ४०९० मध्ये २४ जीबी, कुठून सारखं होईल? लोकांनी त्यावर विश्वास ठेवून पैसे घातले याचा मला मनापासून राग आहे.

पिक्सेलपंत
मूळ ६०-७० असेल तर उत्तम चालतं, मी रोज वापरतो. डोळ्याला गुळगुळीत दिसतं हे खरंच आहे की नाही? ३० वर कोण लावतं ते.

छायाप्रकाश
अहो गेमबद्दल विचारलंच नाहीये मी!! ब्लेंडर, थ्रीडी सॉफ्टवेअर. घरांचे आणि बागांचे रेंडर (थ्रीडी मॉडेलवरून चित्रं) करतो, त्यातल्या सायकल्स इंजिनमध्ये, क्लायंटला स्थिर चित्रं आणि वॉकथ्रू (आतून फिरवणारा व्हिडिओ) दोन्ही लागतात. कार्ड ३०८०. मॉनिटर १४४० पी, त्याचा काय संबंध ते कळलं नाही. पीएसयू ७५० चा. आता सांगा.

चौकस
३०८० दहा जीबी की बारा? आणि "अर्ध्यात सोडतं" म्हणजे काय होतं, ब्लेंडर क्रॅश होतं, स्क्रीन काळी होते की काही मेसेज येतो?

छायाप्रकाश
१० जीबी. मेसेज येतो, सिस्टीम इज आउट ऑफ जीपीयू अँड शेअर्ड होस्ट मेमरी. बागेचा सीन असला की हमखास. आतल्या खोल्यांचे सीन बिनतक्रार होतात.

चौकस
मग हे पहिल्या ओळीत हवं होतं. वेगाचा प्रश्न नाहीच आहे हा, मेमरीचा आहे. जीपीयूची म्हणजे कार्डाची मेमरी भरली की सायकल्स उरलेलं कॉम्प्युटरच्या रॅममध्ये ठेवायला बघतं, तेव्हा रेंडर रांगायला लागतं, आणि तिथेही जागा संपली की तो मेसेज येतो. त्यामुळे ५०८० किती वेगवान आहे ते बाजूला ठेवा, तुमचा सीन १६ मध्ये बसतो का ते आधी बघा. बसत असेल तर ५०८०. नसेल बसत तर ते कार्ड फुकट मिळालं तरी उपयोग नाही, तोच मेसेज परत वाचाल.

पिक्सेलपंत
मग दोन ५०८० लावा की. दोन्ही मिळून कोअर २१,५०४, म्हणजे जवळपास ५०९० एवढेच, जाहीर किंमत तीच, आणि मेमरी १६ अधिक १६ बत्तीस. एक बिघडलं तर दुसऱ्यावर काम चालू राहतं. ब्लेंडर दोन कार्डं मस्त वापरतं.

सरळमार्गी
मेमरीची बेरीज होत नाही हो. प्रत्येक कार्डात सीनची अख्खी प्रत लागते, म्हणजे सोळाच. मेमरी वाटून घ्यायला एनव्हीलिंक (दोन कार्डं थेट जोडणारा दुवा) लागतो आणि तो ४०९० पासूनच काढून टाकलाय, ५० मालिकेतही नाही. वर वीज ७२० वॉट आणि दोन जाडजूड कार्डं एका कॅबिनेटमध्ये एकमेकांवर गरम हवा सोडत बसणार.

जुनाखेळाडू
३०९० ला एनव्हीलिंक आहे! दोन ३०९० जोडा, सायकल्समध्ये मेमरी वाटायचा पर्याय आहे, ४८ जीबीपर्यंतचा सीन जातो. हेच मी मघापासून सांगतोय.

सरळमार्गी
ब्रिज शोधा, दोन स्लॉटचं अंतर जुळणारा बोर्ड शोधा, ७०० वॉट ओढा, कॅबिनेट बदला. माणसाला उद्यापर्यंत ठरवायचंय.
आणि खरं सांगू का छायाप्रकाश, कार्डच कशाला? बागेत झाडं कॉपी करून ठेवली असतील तर इन्स्टन्स करा, एका झाडाची भूमिती एकदाच मेमरीत जाते मग हजार ठेवा. टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवलेली चित्रं) ४ के ची असतील तर ब्लेंडरच्या सिम्प्लिफाय सेटिंगमध्ये लिमिट २०४८ करा, टेक्श्चरची मेमरी चौथाईवर येते. लांबच्या पानाला ४ के टेक्श्चर कोणाला दिसणार आहे?

छायाप्रकाश
झाडं इन्स्टन्सच आहेत, स्कॅटर केलेली. टेक्श्चर लिमिट पण लावून बघितलं, त्याने दूरचं काही बिघडत नाही पण लिमिट सगळ्यालाच लागतं ना, जवळची भिंत आणि फरशी पुसट दिसते आणि क्लायंट नेमका तिथेच झूम करून बघतो. दर सीनला एकेक टेक्श्चर हाताने लहान करत बसलो तर डिझाईन कधी करू? माझा वेळ सगळा तिथेच जातोय म्हणून तर कार्ड बघतोय.

चौकस
रास्त आहे. मग आजच मोजा. तोच बागेचा सीन, लिमिट काढून टाकून, रेंडर डिव्हाइस सीपीयू करा. कॉम्प्युटरमध्ये रॅम पुरेशी हवी. सॅम्पल कमी ठेवा, चित्र कसं येतंय त्याला महत्त्व नाही. रेंडर खिडकीच्या वरच्या पट्टीत मेमरीचा 'पीक' आकडा दिसेल. ऑप्टिक्सवर (एनव्हिडिया कार्डावर रेंडर करायची पद्धत) त्याहून थोडी जास्तच धरा आणि विंडोज, मॉनिटर, ब्लेंडरचा व्ह्यूपोर्ट (मॉडेल दिसणारी खिडकी) यांनाही कार्डातली थोडी लागते. म्हणजे पीक १३-१४ च्या पुढे गेला की १६ चं कार्ड काठावर आलं समजा.

नीलकमल१२
एएमडीचं ९०७० एक्सटी का नाही कोणी सुचवत? १६ जीबी, ५९९ डॉलरला आलं होतं, ५०८० पेक्षा ४०० डॉलर कमी.

धातूतार
गेमला चांगलं कार्ड आहे, त्याबद्दल वादच नाही. पण ब्लेंडर सायकल्समध्ये ऑप्टिक्सच्या वेगाला एएमडी अजून पोचत नाही, आणि इथे मुद्दा सोळाच्या पुढे जायचा आहे.

अवांतर: जुने गेम खेळणाऱ्यांनी ५० मालिका घेताना लक्षात ठेवा, ३२ बिट फिजएक्सचा (जुन्या गेममधले धूर, मोडतोड वगैरे परिणाम दाखवणारं एनव्हिडियाचं तंत्र) सपोर्ट यात काढला होता, नंतर ड्रायव्हरमधून काही ठराविक गेमपुरता परत दिला.

पिक्सेलपंत
फिजएक्स वाले गेम आता खेळतं कोण?

धातूतार
मी खेळतो. आणि पैसे मोजून घेतलेले गेम नव्या कार्डावर जुन्यापेक्षा हळू चालावेत हे मला पटत नाही.

छायाप्रकाश
मोजलं. पीक २१ जीबीच्या थोडा वर. सीपीयूवर जीव गेला पण आकडा आला. म्हणजे ५०८० बाद झालं, बरोबर ना? २४ वालं चालेल का मग?

चौकस
२१ वर ऑप्टिक्सचं जास्तीचं आणि डिस्प्लेचं धरलं तर २४ अगदी गळ्याशी येईल. आज बसेल, पुढच्या क्लायंटने तळं मागितलं की परत तेच. ४०९० चं उत्पादन थांबलंय, त्यामुळे नवं मिळणं अवघड आणि जुन्याला उगाच चढा भाव सांगतात. तुमच्या कामाला ३२ चं ५०९० हे मला तरी सरळ उत्तर वाटतं, आणि तुम्ही विचारलेली दुप्पट नेमकी इथेच मिळते. गेममध्ये ४ के ला ते ५०८० च्या दीडपटीच्या आसपास जातं, १४४० पी ला तर प्रोसेसरच आडवा येतो, म्हणून मॉनिटर विचारला होता. रेंडरमध्ये मात्र कोअर आणि मेमरी दोन्ही दुप्पट कामाला लागतात. घरी खेळायला घेणाऱ्याला मी हे कार्ड घेऊ नका म्हणूनच सांगितलं असतं.

जुनाखेळाडू
२४ मध्ये बसतंय हे कबूल करताय ना पण? मग ३०९० ला नाही का म्हणता. उरलेल्या पैशात रॅम वाढवा.

सरळमार्गी
बसतंय असं कोणी म्हटलेलं नाही, काठावर आहे म्हटलंय. हा माणूस याच कामावर पोट भरतो. रात्रभर लावलेला वॉकथ्रू पहाटे मेमरीवरून पडला तर वाचवलेले पैसे काय कामाचे?

धातूतार
५०९० ठरलं असेल तर ७५० चा पीएसयू विसरा. कार्ड एकटं ५७५ वॉटचं आहे, कंपनी १००० सांगते, मी १२०० घ्या म्हणेन, एटीएक्स ३.१ मानकाचा, ज्याला १२व्ही-२x६ ची (कार्डाच्या वीज कनेक्टरची) केबल थेट येते. चार केबल जोडून वापरायचा अॅडॉप्टर टाळा. कारण समजून घ्या, ५७५ वॉट १२ व्होल्टवर म्हणजे ४८ अँपिअरच्या जवळपास, तो सहा पिनांत वाटला जातो, प्रत्येकीला साधारण ८. पिनेची क्षमता ९ च्या थोडी वर. एखादी पिन सैल बसली की तिचा भार बाकीच्यांवर जातो आणि कनेक्टर वितळतो, तशी उदाहरणं झालेली आहेत. केबल पूर्ण आत गेली का ते उजेडात बघा, आणि कनेक्टरच्या अगदी जवळ वाकवू नका. रात्रभर रेंडर चालणार असेल तर पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर ठेवा, वेग थोडासाच कमी होतो आणि ताप खूप वाचतो.

कॅबिनेट मोजलंत का? कंपनीचं स्वतःचं मॉडेल ३०४ मिमी आहे, बाकीच्यांची त्याहून लांब आणि जाड. कार्ड आलं की जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये आरओपी (चित्राचे पिक्सेल लिहिणारे भाग) १७६ दिसतात का बघा. सुरुवातीच्या मालात काही कार्डांत १६८ च निघाले होते, ती कंपनीने बदलून दिली.

छायाप्रकाश
कॅबिनेटमध्ये ३३० पर्यंत जागा आहे, लांब मॉडेल नको म्हणून कळवतो. १२०० चा पीएसयू पण त्याच्याकडेच सांगतो. दुसऱ्या स्लॉटमध्ये ३०८० ठेवलं तर वेग वाढेल ना? पीसीआयई स्लॉट मोकळा आहे.

चौकस
आतल्या खोल्यांच्या सीनला वाढेल. बागेला नाही, वर सरळमार्गींनी सांगितलं तेच, प्रत्येक कार्डात अख्खा सीन लागतो आणि तो १० जीबीत बसत नाही. दोन्हीवर टिक केलीत तर ३०८० मुळे परत अडाल. ठेवायचंच तर मॉनिटर ३०८० ला जोडा आणि प्रेफरन्सेसमध्ये टिक फक्त ५०९० वर ठेवा, म्हणजे जवळपास ३२ च्या ३२ रेंडरला मोकळे राहतील. दोन्ही एकदम लोडवर चालवणार असाल तर मात्र १२०० चा पीएसयू काठावर येईल.