‘पुराव्याधारित पुनर्वसन’ : पुरावा नेमका कशाचा?

प्रश्न : गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणे हाताळणाऱ्या बाल न्याय मंडळासमोर येणाऱ्या मुलांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी एक इंग्रजी पुस्तिका मी मराठीत आणत आहे. ‘एव्हिडन्स-बेस्ड रिहॅबिलिटेशन’साठी मी ‘पुराव्याधारित पुनर्वसन’ असे योजले होते. मसुदा वाचून एका परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांनी विचारले, “म्हणजे गुन्ह्याचा पुरावा मिळाला तरच पुनर्वसन करायचे का?” दुसरा शब्द सुचवावा.

उत्तर १ : त्यांची शंका रास्त आहे. ‘पुरावा’ हा शब्द आपल्याकडे कोर्टाच्या आवारातच इतका मुरला आहे की, मुलाचा विषय निघताच तो त्याच्याविरुद्धचाच वाटतो. येथे मात्र खरोखर उपयोगी पडतो का हे तपासायचे असते ते उपायाबाबत, मुलाबाबत नव्हे. अमेरिकेत न्यू जर्सीतील राहवे तुरुंगात १९७०च्या दशकात मुलांना जन्मठेपेच्या कैद्यांसमोर उभे करून धाक घालण्याचा उपक्रम सुरू झाला आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. परंतु अशा उपक्रमांत नेलेल्या आणि न नेलेल्या मुलांची पुढे तुलना केली तेव्हा नेलेल्या मुलांकडूनच पुन्हा गुन्हा घडण्याचे प्रमाण अधिक आढळले. ‘प्रमाण’ म्हणजे पुरावाच, म्हणून ‘प्रमाणाधारित’ शास्त्रशुद्ध असले, तरी वाचकाला टक्केवारी आठवते. मी ‘परिणामसिद्ध’ लिहीन.

उत्तर २ : ‘सिद्ध’ म्हटले की पुन्हा तपासण्याची गरजच उरली नाही असे वाटते, म्हणून ‘पडताळलेले उपाय’ मला अधिक प्रामाणिक वाटते. ‘पुनर्वसन’ ऐकताच कोयनेची धरणग्रस्त गावे आठवतात हे खरे. पण २०१५च्या बाल न्याय कायद्यातील कलम ३९ मुलाच्या वैयक्तिक योजनेनुसार पुनर्वसन करायला सांगते, तेव्हा तो शब्द बदलू नये. गंमत म्हणजे कायदा मोडल्याचा आरोप असलेल्या किंवा तो मोडलेल्या मुलासाठीच्या ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ या शब्दातही धरणग्रस्तांतला तोच ‘ग्रस्त’ आहे. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्या पंगतीला बसलेला हा शब्द बोजड खरा, परंतु ‘बालगुन्हेगार’प्रमाणे तो निकाल आधीच देऊन टाकत नाही. आरोप करणारे शब्द मुलाच्या बाबतीत वापरू नयेत, हे तत्त्व त्याच कायद्याच्या कलम ३मध्ये आहे. म्हणूनच जाणते बातमीदार ‘अटक’ न लिहिता ‘ताब्यात घेतले’ असे लिहितात.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘पडताळलेल्या उपायांनी पुनर्वसन’ असा बदल केला आहे. मसुद्यात दोन ठिकाणी ‘सुधारगृह’ राहून गेले होते, तेथे आता ‘निरीक्षणगृह’ आणि ‘विशेष गृह’ असे वेगवेगळे लिहितो, कारण पहिले चौकशी चालू असतानाचे आणि दुसरे मंडळाच्या आदेशानंतरचे.