पबच्या जागी नऊ फ्लॅट : कौन्सिलकडे नेमके काय मागावे?

लुइशमकर

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पबची मालकी एका कंपनीकडे आहे. ती जागा विकण्याआधी तेथे नऊ फ्लॅट बांधण्याची परवानगी मिळवावी, म्हणून कंपनीने कौन्सिलकडे अर्ज केला आहे. मी स्वतः मद्य घेत नाही, तरीही रहिवाशांच्या विरोध समितीत आहे. कारण पबच्या मागच्या खोलीत बुद्धिबळाचा क्लब भरतो, तान्ह्या बाळांच्या आया जमतात आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे रविवारचे जेवण होते, आणि या सर्वांना परवडेल अशी दुसरी जागा जवळपास नाही. पब ‘असेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू’ (स्थानिक समाजासाठी मोलाची वास्तू) म्हणून कौन्सिलकडे नोंदवून घेतला की काम झाले, असे समितीतील काहींना वाटते. हे कितपत खरे आहे? शिवाय लंडनमध्ये घरांची एवढी टंचाई असताना तुम्ही घरांनाच विरोध करता, या आक्षेपाला काय उत्तर द्यावे?

नन्हेडवासी

नोंदीने पब वाचत नाही, वेळ मिळतो. २०११ च्या लोकलिझम कायद्याखालील ही नोंद पाच वर्षे टिकते. त्या काळात मालकाने विकायचे ठरवले, तर त्याला कौन्सिलला कळवावे लागते, आणि सहा आठवड्यांच्या आत एखाद्या स्थानिक संस्थेने बोली लावण्याचा इरादा कळवला, तर विक्री एकूण सहा महिने थांबते. पुढे मालक हव्या त्या ग्राहकाला विकू शकतो. तुमची बोली स्वीकारण्याचे बंधन त्याच्यावर नाही. तरीही अर्ज जरूर करा. त्यासाठी नोंदणीकृत संस्थाच लागते असे नाही, किमान २१ स्थानिक मतदारांचा गटही चालतो.

आमच्याकडचा, म्हणजे लंडनच्या नन्हेडमधला, ‘आयव्ही हाउस’ पब ही अशी नोंद मिळालेली देशातील पहिली वास्तू. २०१३ मध्ये रहिवाशांनी ती ८,१०,००० पौंडांना विकत घेतली. ३७१ भागधारक झाले, पण शेअरच्या पैशांवर भागले नाही. मोठा वाटा कर्ज आणि अनुदानाचा होता. तुमच्या प्रकरणात कळीचा मुद्दा किमतीचा आहे. फ्लॅटची परवानगी एकदा मिळाली की जागेची किंमत घरांच्या हिशेबाने ठरेल आणि कोणतीही रहिवासी सोसायटी तेथवर पोहोचणार नाही. म्हणून आधी अर्ज हाणून पाडा, खरेदीचे नंतर पाहू.

नकाशावाला

वरील मताशी सहमत आहे. मे २०१७ पर्यंत इंग्लंडमध्ये पबचे दुकान करायला बहुधा नियोजन परवानगीच लागत नसे. आता पब हा स्वतंत्र वापर मानला जात असल्याने जवळजवळ प्रत्येक बदलासाठी अर्ज करावा लागतो. लंडनमध्ये २०२१ च्या ‘लंडन प्लॅन’ या शहराच्या नियोजन आराखड्यातील एचसी-७ हे धोरण तुमचे मुख्य हत्यार आहे. पब म्हणून ही जागा चालण्याची वास्तव शक्यता उरलेली नाही, हे अर्जदाराने दाखवावे लागते, आणि त्यासाठी किमान २४ महिने ती पब म्हणूनच, वाजवी दराने, बाजारात ठेवल्याचा पुरावा अपेक्षित असतो. तो पुरावा अर्जासोबत आहे का, हे आजच तपासा. हरकतीत आठवणी लिहू नका. कोणता गट, कोणत्या दिवशी, किती माणसे, हे लिहा.

अर्ज फेटाळला गेल्यावर बहुतेकदा दुसरा, सौम्य दिसणारा अर्ज येतो : तळमजल्यावर पब, वर फ्लॅट. त्यात व्यवस्थापकाचे घर, स्वयंपाकघर आणि बाग जाते, पब नावापुरता उरतो आणि वर राहायला आलेले लोक आवाजाच्या तक्रारी करू लागतात. नव्या घरांना आवाजापासून वाचवण्याची जबाबदारी ती बांधणाऱ्याची, हे ‘एजंट ऑफ चेंज’ तत्त्व तेव्हा पुढे करा.

इमारतीची आतून-बाहेरून छायाचित्रेही आताच काढून ठेवा. किलबर्नजवळचे ‘कार्लटन टॅव्हर्न’ हे पब २०१५ मध्ये परवानगीशिवाय पाडले गेले. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने ते जसेच्या तसे उभारायला लावले आणि २०२१ मध्ये ते पुन्हा उघडले. जुन्या वास्तूच्या तपशीलवार नोंदी आधीच झालेल्या होत्या, म्हणून हे जमले.

भाडेकरू

माझे मत थोडे वेगळे आहे. मी बारा वर्षे भाड्याने राहतो आणि प्रत्येक मोहिमेत ‘आमच्या रस्त्याचे वैशिष्ट्य’ ऐकून कंटाळलो आहे. मात्र नऊ हा आकडा पाहा. दहापेक्षा कमी घरांच्या प्रकल्पाकडून परवडणारी घरे मागू नयेत, असे सर्वसाधारण राष्ट्रीय धोरण आहे. त्यामुळे हे फ्लॅट माझ्यासारख्यांसाठी नसण्याचीच शक्यता अधिक. समितीने हा मुद्दा मांडावा, आणि त्याच वॉर्डात घरांसाठी कोणती जागा तुम्हाला मान्य आहे तेही सांगावे. नाहीतर घरटंचाईचा तो आक्षेप मला रास्त वाटेल.

लुइशमकर

सर्वांचे आभार. अर्जात विक्रीच्या जाहिरातीचा पुरावा फक्त सात महिन्यांचा आहे, तोही कार्यालय किंवा निवास म्हणून! बसस्टँडमागची बंद गोदामे घरांसाठी सुचवण्याचा प्रस्ताव मी समितीपुढे ठेवतो.

नकाशावाला

मग हरकतीचा पहिला परिच्छेद त्या सात महिन्यांवरच लिहा. हरकतींची मुदत सहसा २१ दिवसांची असते. नेमकी तारीख कौन्सिलच्या सूचनापत्रावर पाहा.